पाल्यासाठी शाळा निवडताना : पोलादनगरी भिलाईचा धडा

एप्रिल-मे महिने आले की बँकेच्या शाखांमधून दोन प्रकारची लगबग दिसू लागते. काउंटरच्या एका बाजूला पालक असतात. मुलाच्या प्रवेशासाठी मुदत ठेव मोडावी की तिच्यावर कर्ज घ्यावे, याची चौकशी करणारे. दुसऱ्या बाजूला आपले सहकारी असतात. बदलीचा हुकूम केव्हा येतो आणि कोणत्या गावचा येतो, या काळजीत असलेले. हुकूम हाती पडला की घराचा शोध नंतर सुरू होतो. पहिला प्रश्न येतो तो मुलांच्या शाळेचा. त्यासाठी हाती जेमतेम दोन-तीन आठवडे असतात, गाव अनोळखी असते आणि सल्ला देणारे जितके भेटतात तितकी शाळांची नावे पुढे येतात.

अशा वेळी बहुतेक पालक एकच विचारतात : या गावातील सर्वांत चांगली शाळा कोणती? प्रश्न स्वाभाविक आहे. पण तो थोडा बदलून विचारला तर उत्तर अधिक उपयोगी पडते. या शाळेत घातल्यास माझ्या मुलाचा दिवस कसा जाईल? शाळा निवडताना आपण खरे तर मुलाचा दिवस निवडत असतो. ते किती वाजता उठेल, किती वेळ प्रवासात घालवील, कोणाच्या शेजारी बसेल, कोणत्या भाषेत विचार करील आणि संध्याकाळी त्याच्या वाट्याला खेळायला किती वेळ उरेल, हे सारे त्या एका निवडीने ठरते.

हा विचार पारखून पाहण्यासाठी छत्तीसगडमधील भिलाई हे बोलके उदाहरण आहे. ज्या शहरात एके काळी शाळा निवडण्याचा प्रश्न बहुसंख्य कुटुंबांपुढे उभाच राहत नव्हता, त्याच शहरात आज तो घराघरांत ऐरणीवर आलेला आहे.

कारखान्याबरोबर उभ्या राहिलेल्या शाळा

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभा राहिला. त्यासाठीचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती, हे आज अनेकांना ठाऊक नसेल. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि १ नोव्हेंबर २००० पासून तो छत्तीसगडचा भाग झाला. राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी मुंबई-नागपूर-हावडा हा लोहमार्ग तोच राहिला आणि त्या मार्गाने मराठी कुटुंबांचे येणे-जाणेही चालू राहिले.

कारखान्याच्या नोकरीसाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. केरळी, बंगाली, तेलुगू, पंजाबी, उडिया, बिहारी आणि मराठी कुटुंबे एकाच रांगेतील क्वार्टर्समध्ये राहू लागली. म्हणूनच भिलाईला लघुभारत म्हणण्याची रीत पडली. त्यांच्यासाठी आखीव सेक्टर्सची वसाहत बांधली गेली. रुंद व झाडांनी सावलीचे रस्ते, बाजार, मैदाने, सेक्टर ९ मधील मोठे रुग्णालय आणि सेक्टरासेक्टरांत कारखान्याच्या शाळा अशी ती रचना होती. शाळा घराजवळ असल्याने मुले पायी किंवा सायकलने जात. वर्गात वेगवेगळ्या प्रांतांची मुले असत, त्यामुळे घरात एक भाषा, गल्लीत दुसरी आणि फळ्यावर तिसरी असा अनुभव त्यांना सहज मिळे. दुपारी शाळा सुटली की मैदान जवळच असे.

या चित्राला दुसरी बाजूही होती, हे नमूद केले पाहिजे. ही सोय प्रामुख्याने कारखान्याच्या कायम कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी होती. वसाहतीच्या कडेला वाढलेल्या वस्त्यांतील व आसपासच्या गावांतील मुलांच्या वाट्याला तेवढ्या सुविधा आल्या नाहीत. तरीही ज्यांना ती शाळा मिळाली त्यांच्या बाबतीत एक गोष्ट निश्चित म्हणता येते. शाळेचे नाव कितीही साधे असले, तरी मुलाचा दिवस सुटसुटीत होता.

निवड वाढली, ताणही वाढला

पुढे काळ बदलला. कारखान्यातील मनुष्यबळ वर्षागणिक घटत गेले. वसाहतीतील मुलांची संख्या कमी झाली आणि कारखान्याच्या अनेक शाळा बंद झाल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. दुसरीकडे नेहरूनगर, सुपेला, रिसाली, जुनवानी या भागांत खासगी इंग्रजी शाळांची संख्या वाढत गेली. २०११ च्या जनगणनेनुसार दुर्ग-भिलाई या जोडशहरांची लोकसंख्या १० लाखांच्या पुढे गेली होती. एवढ्या मोठ्या नगरसमूहात पालकांना निवडीचे स्वातंत्र्य मिळाले. पण त्याबरोबर निवडीचा ताणही आला.

या ताणाला भिलाईत आणखी एक कारण आहे. १९९० व २००० च्या दशकांत सेक्टर १० मधील कारखान्याच्या उच्च माध्यमिक शाळेचे आणि एकूणच भिलाईचे नाव आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेतील यशामुळे दूरवर गाजले. त्या यशामागे कुशल शिक्षक, अभियंत्यांच्या घरांतील अभ्यासाचे वातावरण आणि एकमेकांना घेऊन पुढे जाणारे विद्यार्थी होते. बाहेरून पाहणाऱ्यांना मात्र त्यातील शिकवणी वर्ग तेवढे ठळक दिसले. २०१६ मध्ये भिलाईलाच आयआयटी मंजूर होऊन सुरू झाली, प्रारंभी रायपूरमधून. दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाठा येथील तिचा कायमचा परिसर २० फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण करण्यात आला. गावातच आयआयटी आल्यावर पहिलीच्या प्रवेशावेळीच बारावीनंतरच्या परीक्षेचा विचार होऊ लागला, तर त्यात नवल नाही. पण पाया भरण्याआधी कळसाचे माप घेण्यातला हा प्रकार आहे.

या संदर्भात दोन गोष्टी पालकांनी अवश्य लक्षात ठेवाव्यात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना अशा वर्गांत प्रवेश देऊ नये असे अपेक्षित आहे. दुसरी गोष्ट नावापुरत्या शाळांची. हजेरी शाळेत आणि मूल दिवसभर शिकवणी वर्गात, असा प्रकार चालवणाऱ्या व अन्य गैरप्रकार करणाऱ्या देशभरातील २० शाळांची संलग्नता केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजेच सीबीएसईने, मार्च २०२४ मध्ये रद्द केली. मंडळाच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते. अशा शाळेची मान्यता मध्येच गेली तर बारावीच्या उंबरठ्यावरील विद्यार्थ्याची काय अवस्था होईल, याचा विचार प्रवेशापूर्वीच करावा.

घर ते शाळा : अंतर आधी, नाव नंतर

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. आपल्या यादीतील प्रत्येक शाळेसमोर पहिला आकडा लिहावा तो अंतराचा. किलोमीटरमध्ये नव्हे, तर मिनिटांमध्ये. स्कूलबस घराजवळून किती वाजता निघते आणि किती वाजता परत आणून सोडते, हे शाळेच्या कार्यालयाऐवजी त्या बसने जाणाऱ्या मुलांच्या पालकांना विचारावे. भिलाईत तर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. जाताना रेल्वेमार्ग किंवा जी. ई. रोडची अवजड वाहतूक ओलांडावी लागते काय? एप्रिलच्या उन्हात दुपारी परतणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला एका बाजूचा तासाभराचा प्रवास किती जड जातो, हे दूरच्या नामवंत शाळेच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले नसते. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते इथे अक्षरशः खरे ठरते.

रोजचे दोन तास प्रवासात गेले तर वर्षाच्या सुमारे २२० शालेय दिवसांत ४४० तास होतात. प्राथमिक शाळेने पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षभरात किमान ८०० तास शिकवावे, अशी शिक्षणहक्क कायद्याची अपेक्षा आहे. म्हणजे शिकण्याच्या निम्म्याहून अधिक वेळ केवळ बसच्या खिडकीशी जातो. हा वेळ झोपेतून, खेळातून किंवा आजी-आजोबांशी होणाऱ्या गप्पांतून वजा होतो.

दप्तराचेही असेच आहे. ज्येष्ठ लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेचे सदस्य असताना आपल्या भाषणात मुलांच्या पाठीवरील ओझ्याचा प्रश्न मांडला होता. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ मध्ये ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा. शाळा सुटताना फाटकाशी दहा मिनिटे उभे राहिले तरी एखादी शाळा हे धोरण किती मानते ते दिसून येते.

इमारतीपेक्षा शिक्षक

वातानुकूलित वर्ग, तरणतलाव आणि भव्य प्रवेशद्वार यांनी पालक प्रभावित होतात. मुलाचे शिक्षण मात्र त्याच्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकावर अवलंबून असते. म्हणून शाळेत गेल्यावर पुढील प्रश्न शांतपणे विचारावेत.

एक, गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक शाळा सोडून गेले? वर्षाच्या मध्यात दोनदा गणिताचे शिक्षक बदलणाऱ्या शाळेत प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

दोन, एका वर्गात किती मुले आहेत? कायद्यातील प्रमाण पहिली ते पाचवीसाठी ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे आहे.

तीन, अभ्यासात मागे पडलेल्या मुलासाठी शाळा काय करते? हुशार मुलांचे फलक सर्वत्र लागलेले असतात. या प्रश्नाचे उत्तर देताना मुख्याध्यापक किती तपशिलात जातात, त्यावरून शाळेची खरी ओळख पटते.

चार, पाठ्यपुस्तके कोणती? एनसीईआरटीची पुस्तके स्वस्त व सहज उपलब्ध असतात. त्यांच्या जोडीला खासगी प्रकाशनांची महागडी पुस्तके ठरावीक दुकानातूनच घ्यावी लागत असतील, तर तसे का, हे विचारण्याचा पालकांना अधिकार आहे.

पाच, मधल्या सुट्टीत मुले कुठे असतात? मैदान असणे आणि मुलांना मैदानावर सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यांपैकी बरीच माहिती घरबसल्या पडताळता येते. सीबीएसईशी संलग्न प्रत्येक शाळेने आपल्या संकेतस्थळावर संलग्नतेची कागदपत्रे, इमारत व अग्निसुरक्षेची प्रमाणपत्रे, शुल्काचा तपशील, शिक्षकांची संख्या आणि मंडळाचे निकाल जाहीर करणे बंधनकारक आहे. केंद्र शासनाच्या यूडायस प्लस या संकेतस्थळावरही देशातील शाळांची विद्यार्थी, शिक्षक व वर्गखोल्या यांची माहिती पाहता येते. कर्ज देताना आपण तारण तपासतो. बारा वर्षांसाठी मूल सोपवताना कागद तपासणे हा अविश्वास नव्हे, ती दक्षता आहे.

कायदा पालकांच्या बाजूने काय सांगतो?

मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. प्रवेशासाठी देणगी घेण्यास आणि मुलाची वा पालकांची चाचणी किंवा मुलाखत घेण्यास या कायद्याने मनाई केली आहे. अपेक्षेपेक्षा अधिक अर्ज आल्यास सोडत हाच मार्ग आहे. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांवरही बंदी आहे. खासगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशस्तराच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखून ठेवाव्या लागतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र हा कायदा लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आहे.

या २५ टक्के जागांकडे काही सुस्थित पालक नाखुशीने पाहतात. त्यांनी जुन्या भिलाईकडे पाहावे. निरनिराळ्या प्रांतांतून आलेली, वेगवेगळ्या भाषा बोलणारी मुले एका बाकावर बसली, तेव्हा त्या वर्गांचे नुकसान झाले नाही. उलट त्यांना माणसे ओळखता आली.

छत्तीसगड शासनाने २०२० पासून स्वामी आत्मानंद यांच्या नावाने इंग्रजी माध्यमाच्या शासकीय शाळा सुरू केल्या. त्याच वर्षी राज्यात अशासकीय शाळांच्या शुल्काचे नियमन करणारा कायदाही झाला आणि शाळेच्या पातळीवर शुल्क समितीची तरतूद आली. शुल्क वाढल्यावर केवळ शाळेच्या दारात नाराजी व्यक्त करण्यापेक्षा त्या समितीत पालकांचे प्रतिनिधी कोण आहेत हे माहीत असणे अधिक हिताचे. शासकीय शाळेचा पर्याय यादीतून न पाहताच खोडून टाकू नये, एवढेच येथे सुचवायचे आहे.

बदली होणाऱ्या मराठी कुटुंबासाठी

आपल्या बँकपरिवारातील अनेकांसाठी हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रातून भिलाईस येणाऱ्या कुटुंबापुढे मंडळ, माध्यम आणि मातृभाषा असे तीन प्रश्न एकदम उभे राहतात.

मंडळाचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. ज्यांची बदली पुन्हा होण्याची शक्यता आहे त्यांना देशभर समान अभ्यासक्रम असलेले केंद्रीय मंडळ सोयीचे पडते. केंद्रीय विद्यालयांची योजना १९६० च्या दशकात बदलीपात्र केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीच सुरू झाली. तेथील प्रवेशात केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्रथम आणि त्यांच्यानंतर केंद्र शासनाच्या सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्राधान्य असते. गेल्या काही वर्षांत किती बदल्या झाल्या हेही विचारात घेतले जाते. त्यामुळे बदलीचे सर्व हुकूम जपून ठेवावेत. दुर्ग येथे आणि भिलाई मार्शलिंग यार्डाच्या परिसरातही केंद्रीय विद्यालय आहे.

माध्यमाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. भिलाईत शाळेची भाषा इंग्रजी असली तरी मैदानाची, रस्त्याची आणि मैत्रीची भाषा हिंदी असते. छत्तीसगढीही सतत कानांवर पडते. मूल या भाषा खेळता खेळता शिकते आणि ते त्याचे धनच आहे. मात्र या सगळ्यात मराठी केवळ ऐकण्यापुरती उरते. सातआठ वर्षांनी कुटुंब परत महाराष्ट्रात येते तेव्हा मुलाला मराठी बोलता येते, पण सलग वाचता येत नाही. महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीने शिकवण्याचा कायदा २०२० मध्ये झाला आहे. त्यामुळे सहावी-सातवीत परतलेल्या मुलापुढे मराठीचे पुस्तक अचानक परक्या भाषेसारखे उघडते.

यावर उपाय अवघड नाही. देवनागरी लिपी हिंदीमुळे मुलाला अवगत असतेच. फक्त ळ आणि च-ज यांचे दुहेरी उच्चार घरी शिकवावे लागतात. रोज पंधरा मिनिटे मोठ्याने मराठी वाचन आणि आठवड्यातून एकदा आजी-आजोबांना मराठीतून पत्र किंवा निरोप लिहिणे, एवढा नेम पुरेसा होतो. केंद्रीय मंडळाच्या विषयसूचीत मराठी हा विषय आहे. शाळेत तो शिकवणारा शिक्षक आहे काय, हे विचारून पाहावे. नसेल तर आसपासची चार मराठी कुटुंबे एकत्र येऊन रविवारचा वर्ग चालवू शकतात. छत्तीसगडात मराठी समाज जुना आहे, रायपूरचे महाराष्ट्र मंडळ स्वातंत्र्याच्याही आधीचे आहे. तेव्हा सोबतीची उणीव भासू नये.

नववी ते बारावी : निर्णय एकत्र बसून घ्यावा

मूल नववीत जाण्यापूर्वी मात्र एक निर्णय कुटुंबाने विचारपूर्वक घेतला पाहिजे. दहावी-बारावी कोणत्या राज्यातून करायची? याचा परिणाम पुढील प्रवेशांवर होतो. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये निम्म्या जागा गृहराज्यासाठी असतात आणि गृहराज्य ठरते ते बारावी कोठून उत्तीर्ण केली त्यावरून. म्हणजे भिलाईतून बारावी केलेल्या विद्यार्थ्याला रायपूरची संस्था गृहराज्याची, तर नागपूरची विश्वेश्वरय्या संस्था परराज्याची ठरते. आयआयटीत असा राज्यवार कोटा नाही. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी, अशी सर्वसाधारण अट असते. केंद्र व राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या पाल्यांसाठी काही अपवाद असतात; ते आपणांस लागू पडतात काय, हे त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत मुळातून वाचावे. ऐकीव माहितीवर विसंबून राहिल्याने गुण असूनही जागा हुकू शकते.

याच कारणाने अनेक घरांत वडील किंवा आई बदलीच्या गावी एकटी राहते आणि उरलेले कुटुंब नागपूर-अमरावतीला. शुक्रवारी रात्रीची गाडी आणि सोमवारी पहाटेची परत गाडी, असा क्रम वर्षानुवर्षे चालतो. हा मार्ग चूक किंवा बरोबर असे सरसकट सांगता येणार नाही. दहावीच्या वर्षासाठी तो समजण्यासारखा आहे. पहिली-दुसरीतील मुलाला केवळ नामांकित शाळा सुटू नये म्हणून वडिलांशिवाय वाढवणे हा मात्र महाग सौदा आहे. मुलाच्या दिवसाचा हिशेब मांडताना संध्याकाळी घरी कोण असते, हा रकाना रिकामा ठेवू नये.

वर्षाच्या मध्यात बदली झाल्यास घाबरून जाण्याचे कारण नाही. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून शासकीय वा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

खर्चाचे गणित

बँकेच्या मासिकात हा विषय टाळून चालणार नाही. पालक बहुधा पहिल्या वर्षाचे शुल्क पाहून निर्णय घेतात. पाहायला हवे ते बारा वर्षांचे. समजा पहिलीचे वार्षिक शुल्क ६०,००० रुपये आहे आणि ते दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते. अशा वाढीने रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते. म्हणजे दहावीत तेच शुल्क जवळपास १ लाख २० हजार रुपये होईल. त्यात बस, गणवेश, पुस्तके, सहली यांचा खर्च वेगळा. दुसरे अपत्य असल्यास हा हिशेब पुन्हा एकदा मांडावा. पगारवाढ तेवढ्याच वेगाने होईल काय, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावे.

शालेय शुल्कासाठी वैयक्तिक कर्ज काढण्याची वेळ येत असेल, तर ती शाळा आपल्या अंथरुणाबाहेरची आहे असे समजावे. शैक्षणिक कर्जाची खरी गरज बारावीनंतर भासते. तेव्हापर्यंत पालकांची पतक्षमता शाबूत राहिली पाहिजे. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी तिच्या नावे सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये त्यात भरता येतात, आणि ती १८ वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर शिक्षणासाठी शिलकेच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. मुलांसाठी लहान आवर्ती ठेवही तेच काम करते. दोन शाळांच्या शुल्कातील फरक दरमहा २,००० रुपये असेल आणि जवळची शाळा शिक्षकांच्या बाबतीत तितकीच चांगली असेल, तर तो फरक ठेवीत टाकावा. बारा वर्षांत व्याज न धरताही २ लाख ८८ हजार रुपये जमतात. थेंबे थेंबे तळे साचते ते असे.

शाळा आणि घर

भिलाईजवळच्या गनियारी गावात जन्मलेल्या तीजनबाई यांना लहानपणी शाळेचे शिक्षण मिळाले नाही. आजोबांच्या तोंडून महाभारतातील कथा ऐकत त्या पंडवानी शिकल्या. पुढे भिलाईच्या पोलाद कारखान्याने त्यांना नोकरी दिली, त्यांची कला जगभर पोचली आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. यावरून शाळा नसली तरी चालते असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्यांच्या बरोबरीच्या किती मुलींचे गुण शाळेअभावी विरून गेले असतील याची गणती नाही. पण घरात कोणीतरी सांगणारे आणि मुलाला ऐकायला सवड असणे किती मोलाचे असते, एवढे त्यावरून नक्की कळते. ही सवड कोणतीही शाळा शुल्कात धरून देत नाही. ती पालकांनीच मुलाच्या दिवसात राखून ठेवायची असते.

म्हणून यंदा प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंतचे तास लिहून काढावेत. यादीतील प्रत्येक शाळेसाठी मुलाचा दिवस त्यात भरून पाहावा : झोप, प्रवास, वर्ग, जेवण, खेळ, गृहपाठ आणि आई-वडिलांबरोबरचा वेळ. मूल थोडे मोठे असेल तर त्यालाही जवळ बसवून घ्यावे आणि त्याचे म्हणणे ऐकावे, कारण तो दिवस अखेर त्यालाच जगायचा आहे. ज्या कागदावर खेळाचा आणि घराचा रकाना रिकामा राहणार नाही, त्या शाळेत आधी चौकशीला जावे.